चारही स्क्रू सरळ

२ डिसेंबर, रविवार. सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे.

बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसून लिहीत आहे. डावा हात गिझरच्या पाइपवर आहे. पाइप गार आहे.

घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर मलाच गोंधळ होणार नाही. दादा, वहिनी आणि आई बाळाला लस टोचायला साडेनऊला बाहेर पडले. बाळ तीन महिन्यांचं आहे. गेले आठ दिवस त्याच्या आंघोळीच्या पाण्यात पांढऱ्या खपल्या येत होत्या, नखाएवढ्या. वहिनी त्या चमच्याने वेचून काढायची. तो क्षार असतो आणि कॉइलवर साचतो, हे मला माहीत आहे. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हा चार महिने मी गरमकाकांकडे शिकाऊ होतो. गरमकाका म्हणजे आमच्या इमारतीतल्या चोवीस घरांचे गिझर बघणारे मिस्त्री. पोरांनी ठेवलेलं नाव आहे. ते स्वतः कधीच तापत नाहीत. शॉक बसेल या भीतीने मी ते काम सोडलं आणि लाँड्रीत चिठ्ठ्या लिहायला लागलो. काका अजून मला हवालदार म्हणतात.

मनात आलं, घरचे परत येईपर्यंत गिझर आतून स्वच्छ करून ठेवावा. कोणाला सांगायचं नाही. वहिनी चमचा घेऊन बसेल आणि वेचायला काही नसेल.

कामाआधी यादी केली. अकरा कामं. प्रत्येक झालं की पुढे खूण. मेन स्विच बंद. पाण्याचा कॉक बंद. टाकीतलं पाणी काढणं. झाकणाचे चार स्क्रू. वायरींचं चित्र काढून ठेवणं. कॉइल बाहेर. घासणं. वॉशर पुसणं. कॉइल आत, वायरी चित्राप्रमाणे. झाकण. मेन स्विच चालू. सगळं यादीप्रमाणे झालं. कॉइल चमच्यासारखी लख्ख निघाली. झाकणाचे चारही स्क्रू लावून त्यांच्या खाचा सरळ उभ्या केल्या, मी नेहमी करतो तशा. अकरावी खूण केली.

लाल दिवा लागला. मग जळका वास आला, मग आत टक् असा आवाज झाला आणि दिवा गेला.

कॉक बंदच होता. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता आणि कॉइल कोरडी तापत राहिली. कॉक बंद करायचा हे यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. परत उघडायचा हे यादीत नव्हतंच. मी यादी पुन्हा पुन्हा वाचली.

स्विच बंद करून थोड्या वेळाने कॉक उघडला. टाकी भरली. खिडकी उघडून वास घालवला. आता बाहेरून बघणाऱ्याला काहीही झालेलं दिसणार नाही.

जिन्यात बाळाचं रडणं ऐकू येतंय. आले.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा.

मी सांगणार होतो. वाक्यसुद्धा तयार केलं होतं, "दादा, माझ्या हातून गिझर जळला." सहा शब्दांचं सुद्धा नाही. पण दादा बूट काढायच्या आधीच बाथरूममध्ये गेला आणि आतूनच ओरडला, "पाणी गार कसं?" मग त्याने स्विच चार वेळा खालीवर केला आणि म्हणाला, "तीन आठवड्यांपूर्वी त्या गरमकाकाने उघडला होता ना. चांगल्या चालत्या वस्तूला हात लावायचा आणि वाट लावायची. काय रे कारकून, तेव्हा तूच होतास ना घरी?"

मी "हं" म्हणालो.

ते खोटं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी काका आले तेव्हा मी खरंच घरी होतो. मी फक्त "हं" म्हणालो.

आईने पातेल्यात पाणी तापवलं. ते पातेलं तिला एकटीला उचलत नाही, तिचं मनगट दुखरं आहे. मी उचलायला धावलो. ती म्हणाली, "सांभाळून. सगळं अंगावर घेऊ नकोस."

ती पाण्याबद्दल म्हणाली.

३ डिसेंबर, सोमवार.

यादी सापडेना म्हणून सकाळी घाम फुटला. ओट्यावर राहिली असं पक्कं आठवत होतं. कपाटाखाली पाहिलं, कचऱ्यात पाहिलं. शेवटी या वहीतच निघाली, कालच्या पानावर, नीट चौकोनी घडी घातलेली. मीच ठेवली असणार. धांदलीत माणूस काय करतो ते त्याला आठवत नाही. नशीब थोर.

दादाने काकांना फोन केला. आवाज चढवून बोलला. काका उद्या येतो म्हणाले.

आज एक गोष्ट केली ती लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. लाँड्रीच्या मागच्या खोलीत बॉयलर आहे आणि त्याच्या शेजारी एक नळ. दुपारी मालक जेवायला गेल्यावर मी तिथे कढत पाण्याने आंघोळ केली. घरी आई गार पाण्याने करते, गॅस बाळापुरताच वापरायचा असं तिने ठरवलंय. आणि ज्याने जाळला तो बॉयलरपाशी वाफेत उभा. बरं वाटत होतं हे जास्त वाईट आहे.

घरी आलो तर आई म्हणाली, "केस ओले?"

"बाहेर दव आहे."

"दुपारी चारला?"

"दाट आहे."

"असेल बाई," आई म्हणाली, "आणि हल्लीच्या दवाला लाँड्रीच्या साबणाचा वास येत असेल."

उद्यापासून घरी गार पाण्यानेच करायची.

४ डिसेंबर, मंगळवार.

काका आले. साडेपाचला, हातात तीच गंजलेली पेटी. मला बॅटरी धरायला सांगितली. पूर्वीही मीच धरायचो.

त्यांनी झाकणाला हात लावायच्या आधी खालून बराच वेळ नुसतं पाहिलं. स्क्रूंकडेच पाहत होते. चष्म्याचा नंबर वाढला असावा. मग दादाला विचारलं, "माझ्यानंतर कोणी उघडला होता का?"

"कोणी नाही. कोण उघडणार? घरात एक बाळ, दोन बायका, मी कामावर आणि हा कारकून. हा तर बल्ब बदलतानाही चप्पल घालतो."

काका माझ्याकडे वळले. मी बॅटरी हलू नये म्हणून तिच्याकडेच पाहत होतो. ते थांबले होते. कशासाठी ते कळलं नाही. जिन्यातून कोणीतरी उतरलं, तेवढा वेळ.

"असं," ते म्हणाले. "मग माझा हात सुधारला म्हणायचा."

झाकण काढून त्यांनी कॉइल बाहेर घेतली आणि बोट फिरवलं. "कोरडी तापलीय."

"म्हणजे तुमच्याच सर्व्हिसिंगमध्ये काहीतरी राहिलं," दादा म्हणाला.

"राहिलं असेल."

"राहिलं असेल म्हणजे? घरात तीन महिन्यांचं पोर आहे, काका."

"दिसतंय मला. हे मॉडेल जुनं, कॉइल बाहेरून मागवावी लागेल. आठ-दहा दिवस लागतील. पैसे मी भरतो."

वहिनी चहा घेऊन आली तर दादाने तिला डोळ्यांनी परत पाठवलं. काकांनी ते पाहिलं आणि स्क्रू मोजण्याचं सोंग केलं. चार स्क्रू मोजायला कितीसा वेळ लागतो.

ते गेल्यापासून डोक्यात एकच गोष्ट फिरत आहे. माणसाने बत्तीस वर्षं हे काम केलं आणि आज त्यांना वाटलं की आपल्याकडून काहीतरी राहिलं. "राहिलं असेल" म्हणताना ते आठवत होते, मला दिसलं. आता प्रत्येक घरी गिझर लावून निघताना ते परत वळून कॉक तपासतील. म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा भरवसा मी घालवला.

काकांनी झाकण लावलं ते नेहमीसारखं गबाळं. चार स्क्रूंची तोंडं चार दिशांना. मला बघवेना. आंघोळीला गेलो तेव्हा आधी ते सरळ केले.

६ डिसेंबर, गुरुवार.

गार पाण्याने सर्दी झाली. चांगलं झालं.

एक उपाय सुचला. लाँड्रीच्या बॉयलरचं पाणी मोठ्या थर्मासमध्ये भरून बाळासाठी आणायचं. थर्मास विकत घेतला. दुकान ते घर नेहमी चौदा मिनिटं लागतात. मी आज अकरा मिनिटांत आलो. एका बाईंनी मला थांबवून विचारलं, कोणी आजारी आहे का.

वहिनीने पाण्यात कोपर घालून पाहिलं. "भाऊजी, छान कढत आहे. पण अर्धी बादलीसुद्धा होत नाही हो."

"उद्या दोन फेऱ्या मारतो."

"अहो, गिझर काय तुम्ही बिघडवलाय?" ती हसत म्हणाली.

मला खोकला आला. खरा खोकला होता. आईने पाठ थोपटली, जरा जोरातच. "थुंकून टाक," म्हणाली. "आत ठेवलं की छाती भरते."

तिला कफाची फार काळजी.

८ डिसेंबर, शनिवार.

मालकांनी आज मला नमुना म्हणून नव्या मुलीपुढे उभं केलं. कपडा घेताना डाग दिसला तर चिठ्ठीवर "आधीचा डाग" असं लिहायचं, म्हणजे नंतर दुकानावर येत नाही. "याच्याकडून शीक. पाच वर्षांत एकदाही आपल्यावर आलेलं नाही," मालक म्हणाले.

मी दिवसभरात एकोणीस वेळा "आधीचा डाग" लिहिलं.

९ डिसेंबर, रविवार.

गोष्ट घराबाहेर गेली. दादाने जिन्यात तळमजल्यावरच्या चिटणीसांना सांगितलं. इमारतीच्या समितीचे चिटणीस. त्यांना काका मुळात पसंत नाहीत, कारण काका छापील पावती देत नाहीत. वहीचं पान फाडून देतात, त्यावर कधी कधी चहाचा गोल असतो. चिटणीसांच्या ओळखीत एक कंपनी आहे, तिची माणसं टोपी घालून येतात. काकांचा वर्षाचा करार या पंधरा तारखेला संपतो.

"मी वाटच बघत होतो," चिटणीस म्हणाले. "आता कारण मिळालं. लहान मुलाच्या घरात असला निष्काळजीपणा."

चोवीस घरं म्हणजे काकांचं किती काम आहे हे मला माहीत आहे. मी त्यांच्याकडे होतो तेव्हा त्यांची वही मीच लिहायचो. बाकी कामं येतात आणि जातात. ही इमारत आहे म्हणून त्यांच्या खोलीचं भाडं निघतं. काकू गेल्यापासून ते त्याच खोलीत राहतात आणि तिथेच काम करतात.

मी जिन्यात तीन पायऱ्या वर उभा होतो. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर आता सगळ्या इमारतीसमोर बोलावं लागलं असतं. गेल्या रविवारी ते फक्त दादासमोर होतं. त्याआधी दहा मिनिटं तर कोणासमोरच नव्हतं, नुसतं वहीत होतं. दर दिवशी ऐकणारी माणसं वाढत चालली आहेत.

१२ डिसेंबर, बुधवार.

चिटणीसांनी बोलावलं. समितीचं ठरलं. काकांना द्यायच्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्या हातात दिला. "स्वच्छ उतरवून दे. तुझं अक्षर छापल्यासारखं आहे आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं."

मी नाही म्हणू शकलो असतो. हात दुखतोय म्हणालो असतो तरी चाललं असतं.

त्यांच्याच टेबलावर बसून लिहिलं. "आपल्या निष्काळजीपणामुळे एका सभासदाच्या घरातील गिझर जळाला असून..." मसुद्यात सात चुका होत्या. "निष्काळजी" मध्ये त्यांनी "ष" च्या जागी "श" घातला होता. "सभासदाच्या" मधला एक काना सुटला होता. मी सगळ्या दुरुस्त केल्या. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. पत्रात एकही चूक राहिलेली नाही.

घरी येऊन ते वाक्य या वहीत पुन्हा लिहिलं तेव्हा कळलं मी काय लिहिलं ते.

चिटणीस म्हणाले, "उद्या जाता जाता तूच देऊन ये. तुझी त्यांची ओळख आहे."

१३ डिसेंबर, गुरुवार.

आज सगळं लिहायला वेळ लागेल. लाँड्रीतून अर्धा दिवस सुटी घेतली.

काकांच्या खोलीत पूर्वीसारखंच आहे. भिंतीला टेकवलेल्या सहा-सात जुन्या टाक्या, खिळ्यांना वॉशरच्या माळा, कोपऱ्यात अंथरूण. ते एका कॉइलवरची वेष्टनाची पट्टी सोडत होते. आमचीच कॉइल. सकाळीच आली होती.

पत्र दिलं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं. मी टाक्या मोजल्या. सात.

"अक्षर छान आलंय," ते म्हणाले. "माझ्या वहीतसुद्धा तुझीच पानं वाचता येतात."

त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली, पेटी उचलली. "चल. बसवून टाकू. पोराचे हाल नकोत."

"काका, अहो, त्यांनी तुम्हाला काढलंय."

"पंधरा तारखेपासून. आज तेरा."

घरी पोचलो तेव्हा दादा कामावर होता. वहिनी बाळाला झोपवत होती. आई भाजी चिरत होती. तिने काकांना पाहिलं आणि चूल पेटावी तसा तिचा चेहरा उजळला. चहा टाकला. मला म्हणाली, "आत जा त्यांच्याबरोबर. आणि दार लावून घ्या, बाळ झोपतंय."

काकांनी बॅटरी माझ्या हातात दिली नाही. स्वतः धरली. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि गिझरच्या खाली प्रकाश टाकला.

"बघ," ते म्हणाले. "हवालदारसाहेबांची माणसं. चौघेही सावधान."

मी वर पाहिलं. चारही स्क्रू सरळ उभे. मंगळवारी काकांनी वाकडे सोडले होते ते मीच सरळ केले होते.

"मी तुला हवालदार का म्हणतो असं वाटलं तुला? तुझ्या मिश्या होत्या म्हणून? त्या तर अजून यायच्या आहेत."

मी उलट्या बादलीवर बसलो. पहिल्या दिवशी बसलो होतो तीच.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"आत न बघताच कळलं होतं. आणि आत काय, सर्व्हिसिंगनंतर पाणी भरायचं राहिलं असतं तर कॉइल त्याच दिवशी गेली असती. तीन आठवडे रोज आंघोळी करून मग कशी जाईल? तुझ्या भावाने जरा विचार केला असता तर त्यालाही कळलं असतं."

हे मला का सुचलं नाही? नऊ दिवस मी काकांच्या हाताचीच काळजी करत होतो.

"मग बोलला का नाहीत?"

"थांबलो होतो. तू बोलशील म्हणून. मी सांगितलं असतं तर भाऊ तुझ्यावर ओरडला असता आणि तू पुन्हा जन्मात स्क्रूड्रायव्हर धरला नसतास. एकदा पळालास ते पुरे." त्यांनी बॅटरी हलवली. "उचल हात. बोलत बोलत काम होतं."

मी स्क्रू सोडायला लागलो.

"कॉक राहिला ना?" त्यांनी विचारलं.

"यादीत नव्हता, काका. बंद करायचा लिहिला होता. उघडायचा लिहिला नव्हता."

"हं," ते म्हणाले.

तो माझाच शब्द होता. त्यांच्या तोंडी तो अगदी साधा वाटला.

कॉइल मी बसवली. वॉशर मी बसवला. काका फक्त बोट दाखवत होते. कॉक उघडून पाणी भरलं, गरम नळातून धार आली, तेव्हाच त्यांनी मला स्विचला हात लावू दिला. लाल दिवा लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. वास आला नाही.

"इमारत गेली तर तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. आणि मग, "चोवीस घरं होती रे." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. त्यांची थट्टा मी सहन केली होती. हे होईना.

निघताना मजुरी विचारली तर म्हणाले, "मजुरी कसली? काम तू केलंस. कॉइलचे तेवढे दे. सवडीने."

त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसात.

सांगितलं. जेवायला बसायच्या आधी, सगळ्यांसमोर, बसलेल्या जागेवरून उठून.

दादा ओरडेल असं वाटलं होतं. तो ओरडला नाही. पाण्याचा पेला फिरवत बसला. "मी त्या माणसाला चहासुद्धा घेऊ दिला नाही," तो म्हणाला. "आणि तू बॅटरी धरून उभा होतास."

वहिनी म्हणाली, "बाळाच्या पाण्यातल्या खपल्यांसाठी उघडलात ना?"

"हो."

"मग ते तरी सांगायचं."

आई मात्र शांतपणे वाढत होती. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "ताटं गार होतायत," एवढंच म्हणाली आणि मला जास्तीचं वाढलं. तिला हल्ली कमी ऐकू येतं की काय, एकदा दाखवून आणायला हवं.

१४ डिसेंबर, शुक्रवार.

सकाळी सातला चिटणीसांच्या दारात. सगळं सांगितलं. ते दात घासत होते. चूळ भरून आले.

"कालच कंपनीच्या कागदांवर सही झाली. आता तू येऊन सांगतोस?"

"पत्र चुकीचं आहे. मी लिहिलंय म्हणून सांगतो."

"पत्र समितीचं आहे. तू फक्त उतरवलंस."

"मला माहीत होतं आणि मी उतरवलं."

ते माझ्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघत राहिले. मग म्हणाले, "करार आता मोडता येत नाही. मात्र तो समिती ज्याचे पैसे भरते तेवढ्या कामापुरता आहे. आपापल्या घरात कोणाला बोलवायचं हे मी कोणाला सांगू शकत नाही. आणि हो, आता जिन्यात तमाशा नको."

मी तमाशा करणार नव्हतो. मला तो येतही नाही. मला लिहिता येतं.

१५ डिसेंबर, शनिवार.

काल आणि आज मिळून तेवीस पत्रं लिहिली, आमचं घर सोडून. छापून घेता आली असती, पण एकदा हाताने लिहिलं होतं तर आता तेवीस वेळा हाताने लिहायचं असं ठरवलं. मजकूर असा: "आमच्या घरातील गिझर मिस्त्रींच्या निष्काळजीपणामुळे जळाला नाही. तो मी उघडला आणि पाण्याचा कॉक बंद असताना चालू केला. हे दोन डिसेंबरपासून मला माहीत होतं. मिस्त्रींनाही माहीत होतं आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही." खाली घराचा क्रमांक आणि सही.

दाराखालून सरकवून गेलो असतो. दादा म्हणाला, "दार वाजव. हातात दे. मी येतो." तो आला. प्रत्येक दारात तो म्हणायचा, "आणि जिन्यात ओरडलो तो मी." दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही दोघं भाऊ वर्गणी मागायला आलात की कबुली द्यायला?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी पत्र वाचून परत दिलं. म्हणाले, "माणूस चांगला, पण आता टोपीवाले आले आहेत, त्यांचं फुकट आहे." एका बाईंनी दार उघडलंच नाही. तिथे मात्र दाराखालून सरकवलं.

२३ डिसेंबर, रविवार.

मधल्या आठवड्यात विशेष काही नाही. सर्दी गेली. बाळाच्या पाण्यात खपल्या येत नाहीत. वहिनीने चमचा परत डब्यात ठेवला.

आज सकाळी आठला काकांकडे गेलो. पुढचे सगळे रविवार जाणार आहे, बिनपगारी. ते नको म्हणाले. मी टाक्या पुसायला लागलो तसे गप्प बसले. एका घरी गिझर लावायला गेलो. झाकण मी लावलं. ते खालून बघून म्हणाले, "एक तरी वाकडा ठेव रे. लोकांना वाटेल मी नव्हतो." ठेवला. त्रास झाला, पण ठेवला.

यादीत बारावी ओळ घातली आहे. शेवटी घातली नाही, दहा आणि अकराच्या मध्ये घातली, जिथे हवी होती तिथे.

हिशोब.

खर्च: थर्मास २२०, सर्दीचं औषध ४५, कागद आणि शाई ३०. एकूण २९५.

काकांना देणे: कॉइल ८५०, वॉशर ६०. एकूण ९१०. पैकी दिले ५००. बाकी ४१०, पुढच्या पगाराला.

मजुरी: त्यांनी घेतली नाही. मोजता येत नाही म्हणून लिहिलेली नाही.

घरं: चोवीस होती. काकांना परत बोलावणारी आजपर्यंत नऊ, आमचं धरून.

बाकी पंधरा.